आधी मांड, मग लगाम

संग्रामपुरात लहानपणी मी ज्या घोडीवर पहिल्यांदा बसलो, ती लग्नातली घोडी होती. रंगाने पांढरी, वयाने उताराला लागलेली, स्वभावाने गरीब. तुळशीचं लग्न लागलं की मृगापर्यंत तिला उसंत नसे. आज वरवट बकाल, उद्या पातुर्डा, परवा सोनाळा. पावसाळ्यात मात्र कलाबतूची झूल पेटीत जाई आणि घोडी कडुनिंबाखाली शेपटीने माशा हाकत उभी असे. तिच्या मालकांना आम्ही सगळी पोरं काकाच म्हणत असू.

घोड्यावर बसायचं म्हणजे लगाम हातात घ्यायचा, एवढीच माझी समजूत होती. वरातीतला नवरदेव तसा बसतो, कॅलेंडरावरचे महाराज तसे बसतात. त्यामुळे काकांनी उचलून बसवताच मी दोन्ही हातांनी लगाम धरला आणि घोडी जरा हलताच तोल सावरायला तोच जोरात ओढला. घोडीने मान आकाशाकडे झटकली, जबडा वासला आणि दोन पावलं मागे सरकली. काकांनी मला खाली घेतलं. ओरडले नाहीत. घोडीच्या तोंडातला लगाम काढला, त्यातली लोखंडी दांडी माझ्या नडगीवर आडवी टेकवली आणि वादीला एक हिसका दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“लागलं ना तुले? तिच्या त तोंडात हाये ते,” काका म्हणाले. “आता लगाम भेटणार नाही. आधी बसाले शिक.”

पुढे घोडेस्वारीविषयी बरंच वाचलं, चांगले शिक्षक पाहिले, मोठी मैदानं पाहिली. पण शिकवण्याचा गाभा मला त्या कडुनिंबाखालीच मिळाला होता. स्वारी हाताने होत नाही, बैठकीने होते. या बैठकीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: मांड. घोड्यावर मांड बसली, मांड पक्की आहे, असं आपण म्हणतो. ज्याची मांड बसलेली नाही त्याच्या हातात लगाम देणारा माणूस घोड्याला दुखवतो आणि स्वाराला खोटं शिकवतो.

घोड्याच्या जबड्याची रचना पाहिली की हे पटतं. पुढचे कापणारे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये त्याला बोटभराहून मोठी मोकळी जागा असते. तिथे दात नाहीत, नुसती हिरडी, आणि हिरडीखाली लगेच जबड्याचं हाड. लगामाची दांडी नेमकी तिथे आणि जिभेवर बसते. तोल गेला की शिकाऊ माणूस जे हाताला लागेल ते धरतो. हाती लगाम असेल तर त्याच्या सगळ्या वजनाचा हिसका त्या पातळ हिरडीवर बसतो. असे हिसके खाऊन घोडं ‘तोंडाचं कठीण’ होतं, म्हणजे ओढ सोसायला शिकतं. मग मालक आणखी कडक लगाम आणतो. आपल्याकडे काटेरी लगाम वापरायची खोड जुनी आहे. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्र सरकारच्या नियमांनी त्यावर बंदी घातली, तरी बाजारात तो अजून दिसतो. काटेरी लगाम दिसला की समजावं, त्या घोड्याला कुणी शिकवलेलं नाही आणि त्यावर बसणाऱ्यालाही नाही.

लगाम नाही, तर मग घोड्याशी बोलायचं कसं? घोडं आपल्याला किती बारकाईने वाचतं, याचा एक दाखला विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये मिळाला. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणित शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं टापा मारून देई. फॉन ओस्टेन लबाड नव्हते. घोड्याला गणित येतं यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कसून तपासणी केली आणि १९०७ साली निष्कर्ष छापला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकत असे. बरोबर टापेवर विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होई आणि तेवढं पाहून हान्स थांबे. लोकांनी यावरून घोड्याला गणित येत नाही एवढाच बोध घेतला. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. माणसाचं डोकं केसभर हललेलं ज्याला दुरून कळतं, त्याच्या पाठीवर बसून आपण श्वास रोखला, कंबर ताठ केली, एका कुल्ल्यावर जास्त भार टाकला, तर ते त्याला कळणार नाही का? माशी बसलेली ज्या कातडीला समजते, तिच्यावरच आपण बसलेलो असतो.

म्हणून चांगला शिक्षक सुरुवातीला बोलतो ते सगळं शरीराविषयी. काकांनी मला खोगीराशिवाय, नुसत्या घोंगडीवर बसवलं. स्वतः मधोमध उभे राहिले, घोडीला लांब दोरी लावली आणि गोल फिरवू लागले. माझे हात कधी कमरेवर, कधी डोक्यावर. “गुडघ्यानं आवळू नको गा,” हे मी किती वेळा ऐकलं असेल! भीती वाटली की माणूस गुडघे आवळतो आणि जितकं आवळावं तितका वर उचलला जातो. आंब्याची कोय चिमटीत दाबली की सटकते तसा. मांड म्हणजे आवळणं नव्हेच. मांड्या सैल, लांब सोडलेल्या, वजन बैठकीच्या दोन हाडांवर समसमान, टाच खाली. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत. घोडं खालून काढून घेतलं तर स्वार जमिनीवर दोन्ही पायांवर उभा राहिला पाहिजे, पडता कामा नये.

दोरीवर गोल फिरवून शिकवायची ही रीत जगभर चालते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलला सोळाव्या शतकापासूनची परंपरा आहे. तिथे नव्या शिष्याला महिनोन्‌महिने दोरीवरच्या घोड्यावर बसवतात. रिकीब नाही, लगाम नाही. आणि त्याला देतात तो घोडा मुरलेला, म्हातारा. कोवळ्या घोड्यावर मात्र जाणता स्वार बसतो. नव्याला जुन्याने शिकवायचं, मग तो जुना माणूस असो की घोडा. आपल्याकडे नेमकं उलटं होताना दिसतं. हौसेने तरणंबांड घोडं विकत घ्यायचं, त्यावर घरातलं पोर बसवायचं, आणि दोघंही एकमेकांना घाबरायला शिकतात.

गोल फिरताना पहिल्यांदा कळतात त्या चाली. साध्या चालीत चार टापा सुट्या ऐकू येतात आणि आपली कंबर डावी-उजवीकडे डुलते. दुडकीत कोपऱ्याचे दोन पाय जोडीने पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. टापा दोनच, आणि प्रत्येक टापेला पाठ आपल्याला वर फेकते. नवशिक्याचा सगळा कस इथे लागतो. एका टापेला उठायचं, दुसरीला बसायचं, आणि बसताना धपकन नाही. त्यापुढची धाव तीन टापांची, पाळण्यासारखी, आणि दुडकीपेक्षा कितीतरी सोपी. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा वाद माणसाच्या डोळ्याला कधी मिटवता आला नव्हता. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून घोडा धाववला आणि तो मिटला. सुटतात, पण चित्रकार दाखवत तसे पाय ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते मांडीला मात्र कळतं. पुरेसे दिवस खोगीराशिवाय बसलं की खाली न बघता कोणता पाय उचलला गेला ते सांगता येतं. मला ते सांगता येईपर्यंत काकांनी दुडकीपुढे जाऊ दिलं नाही.

आपल्या जुन्या शब्दांतही शिकवण्याची ही व्यवस्था दडलेली आहे. चाबुकस्वार हा त्यातला एक. आज तो आडनाव म्हणून उरला आहे, पण मूळ अर्थ घोडी वठणीवर आणणारा, त्यांना चाल शिकवणारा तरबेज स्वार. मोतद्दार घोड्याची निगा राखणारा. रपेट म्हणजे घोड्यावरचा फेरफटका. खरारा हे घोड्याचं अंग घासायचं दातेरी साधन, आणि ते काम करणं म्हणजे खरारा करणं. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासद बखरीत आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पाणी वाहणारा पखालजी. शेवटच्या दोघांची नेमणूक मला फार बोलकी वाटते. ज्या राज्यात घोड्याचं खूर आणि घोड्याची तहान यांच्यासाठी हिशेबाने माणसं लावली जातात, तिथे स्वारीची अक्कल जमिनीवरून सुरू होत असली पाहिजे. ही घोडी मोठी देखणी नव्हती. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी जात ठेंगणी, काटक, पायाची पक्की. अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, हे फार चांगलं झालं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर. त्यामुळे घोड्याचा विषय निघाला की बुलढाणेकराचा ऊर जरा भरून येतोच.

पण शिकणं आणि शिकवणं यांची सर्वांत सुंदर मराठी कहाणी लढाईतली नाही, सर्कशीतली आहे. विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडच्या अंकलखोपचे. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले ते दोन विद्यांच्या ओढीने. गाण्यासाठी हद्दू खाँ आणि घोड्यासाठी बाबासाहेब आपटे. गाणं आणि घोडा, दोन्ही गुरूसमोर बसून, घोटून घ्यायच्या विद्या. सूर लागेपर्यंत बंदिश नाही, मांड बसेपर्यंत लगाम नाही, हे एकाच गावात दोन गुरूंच्या दारी जाणाऱ्या तरुणाला वेगळं सांगावं लागलं नसेल. पुढे ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी घोड्यांचे जाणकार म्हणून राहिले. १८७९ च्या अखेरीस इटालियन सर्कसवाला ज्युसेप्पे कियारिनी आपली सर्कस घेऊन मुंबईला आला. हिंदुस्थानात असा खेळ उभा करायला अजून बराच काळ लागेल, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावर पैज लागली, अशी हकीकत सांगतात. २० मार्च १८८० रोजी छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. तीन-चार महिन्यांत हे कसं जमलं, याचं लोकांना नवल वाटतं. तीन-चार महिन्यांत तंबू उभा राहतो, घोडी तयार होत नाहीत. त्यामागे ग्वाल्हेरची वर्षं होती. आणि गाणंही सुटलं नाही. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना छत्र्यांनी पुढे आपल्याकडे ठेवून घेतलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, आणि महाराष्ट्राला तो आवाज ऐकवला. गुरूचं ऋण असं फेडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सर्कशीचं रिंगणही मुळात घोडेस्वारीच्या शाळेतूनच आलेलं आहे. फिलिप अ‍ॅस्टली हा इंग्रज घोडदळातला निवृत्त सार्जंट. १७६८ साली लंडनमध्ये तो सकाळी स्वारी शिकवी आणि दुपारी त्याच वर्तुळात करामती करून दाखवी. शेवटी त्याने ठरवलेला बेचाळीस फुटांचा व्यास आजही सर्कशीत पाळतात, कारण तेवढ्या वळणात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर माणसाला उभं राहता येतं. आपल्या वारीतलं गोल रिंगण ज्याने डोळ्यांनी पाहिलं आहे त्याला वर्तुळाची ही ओढ समजावून सांगायला नको. माउलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही, तो धावतो आणि हजारो माणसांचे श्वास त्याच्या टापांना बांधलेले असतात.

युरोपातही शहाणपण सरळ रेषेत आलेलं नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोनने घोडा धाकाने नव्हे, समजुतीने शिकवावा असं लिहून ठेवलं. पुढे कित्येक शतकं बेड्यांसारखे लगाम वापरून स्वारी झाली. अगदी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत अडथळ्यावरून उडी मारताना स्वाराने मागे रेलायचं आणि लगाम ओढून धरायचा, असं घोडदळात शिकवत. फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन अधिकाऱ्याने मोकळे घोडे उड्या कसे मारतात ते नीट पाहिलं. घोडा मान पुढे ताणतो, पाठीची कमान करतो. मग त्याच क्षणी आपण त्याचं तोंड मागे का ओढायचं? स्वाराने पुढे झुकावं आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग जाऊ द्यावेत, हे त्याचं म्हणणं. आधी वरिष्ठांना ते रुचलं नाही. १९०७ साली तो वारला तोवर त्याची रीत जगभर जाऊ लागली होती. आज कुठल्याही देशात उडीचं घोडं पाहा, काप्रिल्लीच दिसतो.

आणि आपण आज कुठे आहोत? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. ड्रेसाज म्हणजे वीस बाय साठ मीटरच्या आखाड्यात घोड्याच्या चाली, वळणं, थांबे, सगळं जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर करून दाखवणं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ च्या दिल्ली आशियाडनंतर एकेचाळीस वर्षांनी आलं होतं. चौघांच्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता, शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. सोबत अनुष अगरवाला आणि दिव्यकृती सिंह. आनंद तर झालाच. पण चौघांनाही शिकायला युरोपात जाऊन राहावं लागलं, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात शिक्षण अजिबात नाही असं नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४२ पासूनचा अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, नाशिकच्या भोंसला सैनिकी शाळेत घोडा आहे, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना स्वारी शिकवतात. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पोराला मात्र हे सगळं लांब आहे.

घोडी आहेत. आमच्या भागात ती वरातीसाठी पाळलेली आहेत. हौशी माणसं दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन, रेवाल चाल पाहून, घसघशीत पैसे मोजून जनावर आणतात. शिकवणारा नसतो. म्हणून कुणी पोराला शिकायला पाठवणार असेल, तर मी म्हणतो, पहिला दिवस नीट पाहा. शिक्षक आधी पोराला बसवतो की घोड्याच्या अंगावरून हात फिरवायला लावतो? खरारा करताना पोराला घोड्याचे कान वाचायला सांगतो का? थेट मागून जाऊ नकोस, तिथे त्याला दिसत नाही, हे सांगतो का? घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; नेमकी शेपटीमागची आणि कपाळासमोरची जागा सोडून. बसायच्या आधी खोगीराचा तंग स्वतः ओढून पाहतो का? पोराच्या पायात चप्पल असेल तर परत पाठवतो का? बिनटाचेचं पायताण रिकिबीतून आरपार जातं, आणि पडलेला स्वार फरपटत जातो तो बहुधा असाच. डोक्यावर बांधलेलं शिरस्त्राण हवंच. माणूस आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, हा सर्वसाधारण आडाखा. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीवर सत्तर किलो पुरे झाले. आणि घोडं घामाघूम व्हायच्या आधी शिकवणी थांबते का, हेही बघावं.

जागेचं शहाणपणही शिक्षकाकडेच असतं. आमची काळी माती पावसात खुरांना अशी धरते की नाल उपटून येतो. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि पाय मुरगळायला भेग पुरते. वान नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू मऊ, पण फार खोल वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरांवर ताण येतो. काका पात्राच्या कडेची दबलेली, जरा ओलसर वाळूची पट्टी शोधत. वैशाखात उजाडायच्या आत काम उरकत, कारण नऊला तर झळा सुरू होतात.

त्या पहिल्या पावसाळ्यात श्रावण संपत आला तेव्हा एका सकाळी काकांनी दोरी ढिली सोडली आणि म्हणाले, “आता थांबव तिले.” लगाम नव्हता. मी ओरडलो नाही, आयाळ धरली नाही. श्वास सोडला आणि कंबर खाली जाऊ दिली, इतकंच. घोडी दोन पावलं चालली, एक कान माझ्याकडे वळवला आणि उभी राहिली. काकांनी दोरी गुंडाळली. घरात जाऊन खुंटीवरचा लगाम आणला. पावसाळी हवेने दांडी गार पडली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली, दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायला लावली, आणि मग म्हणाले, “दे आता तिच्या तोंडात.”